लिंबाचं फूल

देवगाव रंगारी
चैत्र शुद्ध ११, शके १८८२

चतुरा,

थोरल्या जावेचा आशीर्वाद घे. खुशाली विचारत बसत नाय. रामकिसन भावजींचं पत्र परवाच आलं, त्यात तुमचं सगळं बरं असल्याचं होतं.

पाडव्याला द्वारका दोन दिवस येऊन गेली. पोरगी अंगानं भरलीय, ते बघून बरं वाटलं. शिकायला तुझ्या घरी ठेवली तवा काडी होती नुसती. पण आता वेण्या दोन घालती, आन् मला म्हणती, "आई, पाणी देता का?" आईला 'देता का'. आत्याबाई सासू असून पदर तोंडाला लावून हसल्या. मला काय हसू आलं नाय.

सांगायचं ते असं. ऊन मरणाचं होतं म्हणून मी घरात होतं ते लिंबू पिळलं, गूळ कालवला आन् तिच्या हातात पेला दिला. तिनं बोटानं बी काढली आन् म्हणाली, काकूच्या सरबतात बी नसती. गाळ नसतो, काचेवाणी असतं, जिभेच्या शेंड्याला झिणझिण होतं. बरं, एकदा म्हणाली, ठीक हाय. दोन दिवस तेच चालू. काकू जिलेबीच्या पाकात काय टाकती, काकूचा चिवडा कसा आंबूस लागतो. आत्याबाईंना सांगून झालं, शेजारच्या द्वाड पोरांना सांगून झालं, गोठ्यात गेली तर तिथं गड्याला सांगून आली. बाळंतपण माझं, न्हाऊमाखू मी घातलं, देवी आल्या तवा उशाला मी बसले, आन् दोन वरसांत तुझं सरबत वर चढून बसलं.

तर आत्याबाईंच्या मनात हाय की वैशाख तिजेच्या आखाजीला ते सरबत इथं व्हावं. माझ्या नाय, आत्याबाईंच्या. सारजाबाई वन्सं त्यांच्या मालकांना घेऊन येणार हायेत. भावजी त्याच दिवशी द्वारकाला सुट्टीसाठी पोचवायला येतील. तू तुझ्या माहेरी जाशील, ते ठाऊक हाय. म्हणून कृती लिहून पाठव. हातचं राखून लिहू नको. तुझ्या बापानं नाव चतुरा ठेवलंय, म्हणून आधीच बजावते.

मनकर्णा

*

गुलमंडी, औरंगाबाद
ता. १३ एप्रिल १९६०

ती. जाऊबाईंना चतुराचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. द्वारकानं तिथं माझ्या सरबताची एवढी तारीफ केली हे वाचून फार खुशी झाली. खोटं कशाला बोलू, ती ओळ दोनदा वाचली. 'देता का' मात्र मी नाही शिकवलं हो. शाळेतल्या बाईंचं आहे ते. मलाही ती तसंच बोलते.

सरबतात लपवण्यासारखं काहीच नाही. शेरभर साखर घ्यावी, ती बुडेल इतकं पाणी घालून पाक करावा. तार यायच्या आत, बोटाला चिकट लागला की उतरवावा. मग त्यात लिंबाचं फूल टाकायचं. लिंबू एकही पिळायचं नाही, सगळी करामत त्या फुलाची आहे. फूल पांढरंशुभ्र बघून घ्यावं, पिवळट पडलेलं जुनं असतं. चांगलं कोरडं पाहिजे, ओल लागली की वाया जातं. चिमटीनंच टाकायचं, हात सैल सुटला तर तोंडाची चव जाते. पाक निवला की फडक्यानं गाळून बाटलीत भरावा, महिनाभर बिघडत नाही. पिताना पेल्यात दोन बोटं पाक आणि वर माठाचं पाणी.

त्या फुलाचे गुण किती सांगू. जिलेबीच्या पाकात टाकलं की साखर पुन्हा बसत नाही. चिवड्यात टाकते, मुरंब्यात टाकते. आमच्या वडिलांच्या कापडदुकानाला लागूनच औषधं-मसाले विकणाऱ्या अत्ताराचं दुकान आहे, तोच पुडी बांधून देतो. लग्नाआधीपासून मला त्याची सवय.

द्वारकाचा अभ्यास बरा चाललाय. यंदा वर्गात पहिल्या तिघींत येईल असं बाई म्हणाल्या. आत्याबाईंना सरबत आवडलं तर माझं नाव सांगा.

तुमची
चतुरा

*

(कार्ड)
देवगाव, चैत्र वद्य ६

चतुरास आशीर्वाद.

कृती पोचली. वाचून मला तुम्हा शहरातल्या माणसांची कीवच आली गं. लिंबाच्या फुलाला पैसे मोजता? माझ्या दारातल्या लिंबाला असा फुलोरा आलाय की रोज सकाळी अंगण पांढरं होतं आन् मी झाडून उकिरड्यावर टाकते. आता नाय टाकत. सूपभर वेचून सावलीत वाळत घातलाय, कोरडा खडखडीत झालाय. पाडव्याला आपण गुळाबरोबर खातोच, पण त्याचं सरबत होतं हे डोकं तुझंच. सुट्टी सरून द्वारका परत येईल तवा डबाभर तिच्याबरोबर देईन. अत्ताराला सांग, आता लागत नाय म्हणून.

मनकर्णा

*

देवगाव रंगारी
वैशाख शुद्ध ५

चतुरा,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाय, तो तू धरून चाल.

आखाजी झाली. कशी झाली ते भावजींनी तुला सांगितलं असंल, पण ते हसत सांगतील. मी सांगते ते ऐक.

आदल्या दिवशी मी पाक केला. तू चिमटी लिहिली होतीस. मी म्हटलं, घरात एवढी माणसं, चिमटीनं काय व्हायचंय, म्हणून ओंजळभर फुलोरा टाकला. लिंबू पिळू नको म्हणालीस, नाय पिळलं. आंबटपणा कुठून यायचा ते मला कळंना, पण म्हटलं मुरलं की येत असंल. गाळून ठेवला. चाखला नाय. आखाजीला पितरांना दाखवल्याबिगर आपल्याकडं कुणी काय तोंडात घालत नाय, हे तुला बी ठाऊक हाय.

दुपारी घागरी पुजल्या, नैवेद्य झाला. माझ्या मनात असं की पहिला पेला द्वारकाला. तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. मी म्हटलं, "घे, तुझ्या काकूचं सरबत." तिनं पेला तोंडाला लावला आन् एका दमात रिकामा केला. तोंड पुसलं आन् म्हणाली, चांगलं झालंय.

माझा आनंद काय सांगू तुला. मी पातेलंच उचललं आन् सगळ्यांना वाढलं.

पहिले वन्संचे मालक पुंजारामभाऊ अंगणात पळाले. जावई माणूस, दारात उभं राहून थुंकत होता. सारजाबाई वन्संनी पेला खाली ठेवला तो आपटूनच. आत्याबाईंनी गिळलं, आन् मग तासभर जिभेला मीठ लावत बसल्या. भावजी म्हणाले, वहिनी, पाडव्याचं उरलेलं का हे, चतुराचं तर असं नसतं. तुझ्या नवऱ्याची तेवढीच ओळ माझ्या काळजात जाऊन बसली. पण खरा घाव वन्संनी घातला. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, धाकट्या जावेचा राग होता तर तिच्यावर काढायचा. आम्हाला कशाला पाजलं?"

म्हणजे मी मुद्दाम केलं. तुझ्या सरबताचं नाव खराब व्हावं म्हणून. अख्ख्या भावकीत आता तेच झालंय. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा कुणाला. हे मान खाली घालून बैलांना पाणी दाखवाय गेले.

आन् पोरीचं काय सांगू. ती जर बोलली असती की आई, कडू हाय, तर माझी अब्रू वाचली असती. नाय बोलली. का नाय बोलली ते मला कळतं. आम्हा दोघींत एकच पेला असतो, चालायला लागली तवापासून. ती आधी पिती, अर्धं माझ्यासाठी ठेवती. ताक असो, पन्हं असो, उसाचा रस असो. त्या दिवशी थेंब ठेवला नाय. तुझं नाव घेतलं म्हणून जहर बी गोड लागलं तिला, आन् आईचा वाटा बी आठवला नाय. मागनं पेले घासाय बसले, तवा तो रिकामा पेला हातात आला.

तर आता ऐक. द्वारका जूनमध्ये परत येणार नाय. शिकली तेवढी पुरे. गावात चौथीच्या पुढं पोरींना शाळा नाय, तर नसू दे. सारजाबाईंच्या दिराचा पोरगा हाय, वन्सं दोन वरसांपासून मागणी घालतायत, मी नाय म्हणत होते. आता व्हय म्हणते. तेवढ्यानं वन्संचा राग बी उतरंल.

तुला सरबत प्यायला दुसरं कुणीतरी शोध.

मनकर्णा

*

गुलमंडी, औरंगाबाद
ता. ५ मे १९६०

ती. जाऊबाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या पायावर डोकं ठेवते, पण आधी हे वाचून घ्या.

सोबत येसटीच्या डायवरबरोबर एक पुडी पाठवते आहे. ती सोडून बघा. त्यात साखरेसारखे पांढरे दाणे आहेत. हेच ते फूल. हे कुठल्याच झाडाचं फूल नाही. लिंबूच्या रसात जो आंबटपणा असतो, त्याचा हा खार आहे. चिंचेत असतो, कैरीत असतो, त्याचंच हे भावंड म्हणा. अत्तार त्याला 'निंबू का फूल' म्हणतो. आम्ही लहानपणापासून तेच म्हणतो. तुम्हाला लिहिताना वाटलं, जाऊबाईंना नीट मराठीत लिहावं, म्हणून लिंबाचं फूल लिहिलं. आमच्या गल्लीत त्या कडू झाडाला सगळे नीम म्हणतात हो. लिंब म्हटलं की मला लिंबूच दिसतं.

तुमचं कार्ड माझ्या हातात आखाजी झाल्यावर पडलं. आधी पडलं असतं तर मी धावत आले असते.

सारजावन्संना मी स्वतः पत्र लिहिते, की चूक माझ्या लिहिण्याची होती, तुमची नाही. पुंजारामभाऊंची पण माफी मागते. पण जाऊबाई, रागाच्या भरात पोरीचं लग्न ठरवू नका. निकाल लागला. ती दुसरी आली. हेडबाईंनी मला बोलावून सांगितलं, हिला मॅट्रिकपर्यंत थांबवू नका, मग पुढचं बघू. परवा नव्या राज्याची रोषणाई झाली. क्रांती चौकापर्यंत माणसांची झुंबड होती. सगळ्यांची पोरं बरोबर होती. आम्ही दोघंच जाऊन आलो. घरी येऊन हे म्हणाले, घर मोठं वाटतंय.

माझ्या नावानं ती प्याली असं तुम्ही लिहिलंत. असं काही नाही. तुम्ही तिची आई आहात.

उत्तराची वाट बघते.

चतुरा

*

देवगाव
वैशाख पौर्णिमा

चतुरा,

पुडी मिळाली. फडताळात ठेवलीय, सोडली नाय.

लिंब म्हणजे लिंबू, हे मानलं मी. तुझ्या गल्लीत नीम म्हणत असतील, तुझी चूक नाय. वन्संना लिहिलंस, ते बी मला आत्याबाईंनी सांगितलं. त्याबद्दल काय म्हणणं नाय.

पण एक गोष्ट सांग. आखाजीला भावजी दारात चपला काढता काढता मला काय म्हणाले, ठाऊक हाय? म्हणाले, वहिनी, तुमचं कार्ड आलं, चतुरानं मला वाचून दाखवलं, फुलोरा वाळवलाय म्हणे तुम्ही. त्या बिचाऱ्याला काय कळतं सरबतात काय पडतं. हातात पेला आला की झालं. मला बी तवा काय वाटलं नाय. तुझं पत्र वाचताना आठवलं.

कार्ड आखाजीच्या आधी आलं होतं. तू वाचलं होतंस. लिंबाचा फुलोरा म्हणजे काय, हे तुला त्याच दिवशी कळलं. दोन ओळींचं कार्ड टाकलं असतंस तर माझ्या हातात वेळेवर पडलं असतं. नाय टाकलंस. आन् वर मला लिहितेस की धावत आले असते.

का नाय टाकलंस, ते खरं लिही. गोडगोड लिहायचं असंल तर लिहूच नको. वन्संना मी अजून शब्द दिलेला नाय. पण त्या रविवारी यायच्या हायेत.

आन् आणखी एक. कृती लिहिलीस तवाच एवढीशी पुडी पाठवाय काय झालं होतं? येसटी तर रोज येती.

मनकर्णा

*

गुलमंडी, औरंगाबाद
ता. १४ मे १९६०

जाऊबाई,

पत्र डायवरच्याच हातात देते आहे, म्हणजे रविवारच्या आत पोचेल.

होय. कार्ड वेळेवर आलं. मला त्याच दिवशी कळलं.

ह्यांना वाचून दाखवताना नाही कळलं. हे कचेरीत गेले, मी तांदूळ निवडायला बसले, आणि एकदम डोळ्यापुढं तुमचं अंगण आलं. तुमच्या दारात लिंबूचं झाड कुठं आहे? मी एकटीच मोठ्यानं हसले. मग दौत काढली, कार्ड काढलं, लिहायला बसले. आणि उठले. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशी पण नाही लिहिलं. मग माहेरी निघून गेले.

का, ते तुम्ही विचारलंत. जळत होते म्हणून. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला हे लिहिताना लाज वाटते, पण वेगळा शब्द नाही. पुडीसुद्धा त्याचसाठी नाही पाठवली. वाटलं, एवढं एक तरी माझ्याच घरचं राहू दे.

ह्या पोरीला मी रोज न्हाऊ घालते, वेण्या घालते, तिचे पाढे ऐकते. शेजारणी म्हणतात, अगदी तुमचीच वाटते. आणि ती ठेच लागली की 'आई गं' म्हणते, तेव्हा मी समोर उभी असते. 'देता का' म्हणते मला, पाहुणी असल्यासारखी. लग्नाला अकरा वर्षं झाली माझ्या, माझ्या घरात कुणा पोरानं मला 'दे' म्हटलेलं नाही. म्हणून वाटलं, एकदा तिच्या आईच्या हातचं बिघडू दे. एकदा तिला कळू दे, की चांगलं सरबत कुठं मिळतं. मला एवढंच हवं होतं. पाहुण्यांपुढं तुमची अब्रू जाईल, वन्सं असं बोलतील, लग्नापर्यंत गोष्ट जाईल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं असतं तर लिहिलं असतं का? इमानानं सांगते, मला माहीत नाही.

आता एक असं सांगते, जे मला तुमच्या पत्रामुळं कळलं. ते लिहू नये असंच मनात होतं. आधीच्या पत्रात म्हणून लिहिलं नाही.

तुम्ही लिहिलंत, ती तुमच्यासाठी अर्धं ठेवते. ते वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. जाऊबाई, ती इथं पण अर्धंच पिते. पहिल्या दिवसापासून. सगळ्यांपुढं माझ्या सरबताची तारीफ करते, आणि पेला अर्धा भरलेला तसाच ठेवून उठते. मला वाटायचं, काहीतरी कमी पडतंय. मी साखर वाढवून बघितली, केवडा घालून बघितला, वाळा घातला, शहागंजातून बर्फ आणवला. तरी अर्धंच. विचारलं तर म्हणते, झालं काकू, पुरे. तिला स्वतःलाही माहीत नाही की ती कुणासाठी ठेवते. मी दोन वर्षं ते अर्धं मोरीत ओतते आहे. ते तुमचं होतं. मी दोन वर्षं तुमच्या वाट्याचं सरबत करत होते.

आणि आखाजीला ती सगळं प्याली.

तुम्ही म्हणता, माझ्या नावानं. माझ्या हातचं गोड जी अर्धं ठेवते, ती माझ्या नावाचं कडू सगळं पिईल का? तुम्ही सकाळपासून चुलीपुढं होतात, चाखलं नव्हतंत. तिनं अर्धं ठेवलं असतं, तर ते तुम्ही प्याला असतात. मला तर दुसरं कारण दिसत नाही. मीच कडू करू दिलं, आणि त्यातून मला हे बघायला मिळालं.

माझ्यावर भरवसा ठेवू नका. तिलाच विचारा. आणि मग मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण वन्संना शब्द देऊ नका. तिला माझ्याकडं पाठवायचं नसेल तर शाळेच्या वसतिगृहात ठेवा. मी दारातसुद्धा जाणार नाही.

चतुरा

*

देवगाव रंगारी
ज्येष्ठ शुद्ध ५

चतुरास आशीर्वाद. आज लिहिलाय.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी सारजाबाई वन्सं आल्या. मी त्यांना पुरणपोळी वाढली, साडी नेसवली, आन् सांगितलं की पोरगी अजून लहान हाय, मॅट्रिक होईस्तवर विषय काढू नका. त्या फुगून गेल्या. फुगू देत. पुंजारामभाऊ मात्र जाताना हसून म्हणाले, वहिनी, पुढच्या आखाजीला मी घरनंच पाणी घेऊन येतो.

तुझ्या पत्राला मी लगेच उत्तर दिलं नाय. लई राग आला होता. तू मला रडवलंस, आन् खरं बोलून रडवलंस, त्याचा जास्त आला. वाटलं, ही बाई मला माझ्याच पोरीचं मन सांगती. मी तिच्यासंगं दहा वरसं एका पेल्यात प्याले, आन् मला जे दिसलं नाय ते हिला गुलमंडीत बसून दिसलं. ह्या गोष्टीचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा तुझ्या सरबताचा कधी वाटला नव्हता.

काल पुडी सोडली. दोन दाणे जिभेवर ठेवले. डोळे मिटले गेले गं. तू लिहिलंस तसा पाक केला, चिमटीनंच टाकलं, आन् ह्या वेळेला आधी चाखलं. पेला भरून द्वारकाला दिला. ओट्यावर बसली होती. अर्धं प्याली, आन् न बघताच पेला माझ्याकडं सरकवला. झालंय चांगलं, म्हणाली. काकूच्यासारखं का, तर म्हणाली, व्हय, तसंच.

मग मी विचारलं, आखाजीला सगळं का पिलीस गं? मला का नाय ठेवलंस?

नखानं ओटा खरवडत राहिली. मग म्हणाली, "तू किती हौसेनं केलं होतंस. तुला कळलं असतं ना."

मी म्हटलं, अगं येडे, मग बाकीच्यांनी प्यायल्यावर मला कळायचं राहणार होतं का? एवढं पातेलंभर सरबत समोर होतं, ते दिसलं नाय तुला?

तर माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "ते माझ्या ध्यानातच नाय आलं. मला तुझाच पेला दिसत होता."

तिला जवळ घ्यायला पाहिजे होतं. मी उठून चुलीत लाकूड सारायला गेले. पोरांपुढं मला जमत नाय ते.

तर द्वारकाला पाठवते. वसतिगृहात नाय, तुझ्याकडं. हे स्वतः पोचवायला येतील, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. दोन परकर नवे शिवलेत. लोणच्याची बरणी देते. फुलोऱ्याचा डबा देत नाय, भिऊ नको.

तू माझी माफी मागू नको आन् मी ती दिली असं बी समजू नको. राग हाय अजून. तू कार्ड टाकलं नाहीस, हे मी मरेस्तवर विसरणार नाय, आन् दर आखाजीला वन्संच्या समोर तुला बोलून दाखवीन. ते तू मुकाट ऐकायचं.

आता शेवटचं. हे मी काय सुखानं लिहीत नाय, दोनदा कागद फाडलाय. पोरीची खोड जाणार नाय. ती तिथं बी अर्धं ठेवील. ते मोरीत ओतत जाऊ नको. तिच्या देखत पेला उचल आन् तू पी.

मनकर्णा